पाच ते सहा, ओरडण्यास परवानगी

माझं नाव पोपट. नाव आजोबांनी ठेवलं, ते खरं करून दाखवायची जबाबदारी मी उचलली. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या सुमेरू सोसायटीत कोणाकडे पाहुणे आले, कोणाकडे भांडण झालं आणि कोणाच्या मुलीला बघायला आलेले लोक पोहे न खाता का उठले, हे तिसऱ्या मजल्यावर माझ्या गॅलरीत आधी कळतं, त्या घरात नंतर. त्यामुळे शेजारच्या आठल्यांच्या उर्वीबद्दल लिहायला माझ्याइतका लायक माणूस नाही. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि बिल्डरने तीही हात राखून बांधलीय.

उर्वी मेटल गाते. गायची. नक्की काय म्हणायचं ते माझं अजून ठरत नाही, म्हणून दोन्ही लिहून ठेवतो.

मेटल म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे भांडी येतात त्यांच्यासाठी सांगतो, कारण माझ्याही आलेली. हे एक गाणं असतं. गिटार करवतीसारखी चालते, ड्रमवाला पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात तसा बडवतो, आणि गाणारा वाघासारखा गुरगुरतो. त्या गुरगुरण्याला ग्रोल म्हणतात. उर्वी ग्रोल करायची. पाच फूट एक इंच उंची, चष्मा, घोडबंदर रोडच्या कुठल्याशा टॉवरमध्ये कॉम्प्युटरची नोकरी, आणि हा आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मालनला, म्हणजे माझ्या बायकोला म्हटलं, "आठल्यांनी कुत्रा आणलाय." मालन म्हणाली, "कुत्रा नाही. मोठं काहीतरी आहे."

लहानपणी ती रीतसर गाणं शिकलेली. मागच्या गल्लीतल्या बाईंकडे सहा वर्षं, तीन परीक्षा. बाई म्हणायच्या, मुलगी सुरात आहे, पण आवाज जाड आहे. शाळेच्या गॅदरिंगला हिला समूहगीतात मागच्या रांगेत उभी करायचे आणि सांगायचे, नुसते ओठ हलव. पोरगी चार वर्षं ओठ हलवत होती.

मग ती ठाण्याला कॉलेजात गेली. तिथे कँटीनमध्ये मैत्रिणीने इअरफोनचा एक तुकडा हिच्या कानात घातला. त्यात स्वीडनची कोणी मालीन नावाची बाई गात होती. गोड चाललेलं, आणि मधेच त्या बाईच्या पोटातून असा आवाज निघाला की ही हातातला वडापाव धरून उभीच राहिली. "काका, तो आवाज माझ्याकडे होता," ती मला नंतर म्हणाली. "मला सहा वर्षं तोच दाबायला शिकवत होते."

त्या दिवसापासून आठल्यांच्या घरात एक सदस्य वाढला. मालीनबाईंचं सगळं चरित्र मला पाठ आहे. पंधराव्या वर्षापर्यंत चर्चमध्ये गायची, मग मेटलच्या बँडमध्ये गेली, तो बँड फुटला, मग एकटीच गिटार घेऊन स्वतःची गाणी गात फिरली, मग परत मेटलकडे आली. शब्द तिचे, चाल तिची, गळा तिचा. तिकडे म्हणे पोरांना वाजवायला सरकारी मदतीने खोल्या मिळतात. मी म्हटलं, "इकडे आम्हाला पाणी मिळू दे, मग खोल्या मागू."

"पोपटराव, तुमच्या घरी मालन, आमच्या घरी मालीन," सुधीरराव म्हणायचे. हे उर्वीचे वडील, बँकेतून निवृत्त, बोलणं मोजकं. "फरक एवढाच की आमची अधूनमधून थांबते."

"मला ऐकू येतं हां भाऊजी," मालन आतून म्हणायची.

उर्वीने पोरं जमवून बँड काढला. नाव ठेवलं 'खरखर'. अद्वय गिटारवर, सूरज ड्रमवर आणि ही. सूरजच्या मामाचं आंबिवलीला रिकामं गोदाम होतं, तिथे दर रविवारी जायचे. गाणी मराठीत, सगळी उर्वीची. एक गाणं कोरड्या नळावर होतं. त्यातल्या दोन ओळी मला आवडायच्या: कोरड्या नळाच्या घशात हवा अडकलीय, ती मी. कागदावर वाचून आवडायच्या हां, ऐकून नाही. ऐकताना एक अक्षर कळेल तर शपथ. तिची आई शुभदाताई, एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई, तिचं तेच दुःख होतं. "ओरडायचं तर ओरड, पण उच्चार? माणसाला कळू दे तरी काय म्हणतेयस ते."

"आई, कळायचं नसतं. लागायचं असतं."

"लागतं आहे. डोकं लागतं आहे."

सुधीररावांनी यावर त्यांच्या पद्धतीने मार्ग काढलेला. उर्वी गायला लागली की ते समोर खुर्ची टाकून बसायचे, हातात शब्दांचा कागद, आणि प्रत्येक ओळीखाली बोट फिरवायचे. पासबुक तपासावं तसे. बोट अडलं की उर्वीला कळायचं, इथे श्वास चुकला.

खरखरचे किती कार्यक्रम झाले? मोजून अकरा. घोडबंदर रोडच्या एका पबमध्ये चौदा माणसं होती, त्यातले तीन आम्ही. मॅनेजर मध्यंतरात येऊन म्हणाला, मॅडम, कुछ हिंदी आता है क्या. सगळ्यात यशस्वी कार्यक्रम आमच्या सोसायटीच्या गणपतीत झाला, मुलांच्या फॅन्सी ड्रेसनंतर. उर्वीने तोंड उघडलं आणि पहिल्या रांगेतल्या कलावती आजी उठल्या. आजी कणकवलीकडच्या. त्या सरळ गणपतीपुढे गेल्या, कुंकवाचा करंडा घेतला, स्टेजवर चढल्या, उर्वीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हात जोडून उभ्या राहिल्या. "आवशी, माझ्या दौलतचा लगीन कधी होतला, ता सांग गे."

गिटार थांबली.  उर्वीने आजींकडे बघितलं, श्वास घेतला आणि त्याच पाताळातल्या आवाजात म्हणाली, "होतलाऽऽ!"

दौलतचं लग्न पुढच्या मे महिन्यात झालं. त्यानंतर बी विंगमधल्या दोन बायका मला हळूच विचारून गेल्या, ती परत कधी गाणार आहे.

पण बँड काही अंगात येण्यावर चालत नाही. अद्वय एमबीएला गेला. सूरज कॅनडाला गेला आणि तिथून हिला बर्फाचे फोटो पाठवायला लागला. गोदाम मामाने भाड्याने दिलं. राहिली ही एकटी. लॅपटॉपवर ड्रम लावायचे, गिटार स्वतः शिकली तेवढीच वाजवायची, आणि वर गायचं. नोकरीही घरूनच झाली. म्हणजे आता हा वाघ रविवारचा आंबिवलीला नव्हता, रोजचा आमच्या भिंतीपलीकडे होता.

तक्रार होणारच होती. दुसऱ्या मजल्यावर एक नवीन भाडेकरू आले, त्यांनी थेट पोलिसांना फोन केला, वर एका बाईला मारतायत म्हणून. हवालदार आले. सुधीररावांनी शब्दांचा कागद हातात घेऊनच दार उघडलं. उर्वीने बिचारीने नमुन्यादाखल दोन ओळी गाऊन दाखवल्या. हवालदार म्हणाले, "ठीक आहे मॅडम, आमच्या साहेबांचा आवाज असाच आहे," आणि चहा पिऊन गेले.

मग सभा झाली. अध्यक्ष परशुराम भोईर. ही सोसायटी ज्या शेतावर उभी आहे ते शेत त्यांच्या आजोबांचं, त्यामुळे आवाज त्यांचाच. ते राहतात आठल्यांच्या बरोबर खाली. "अरं पोपट, ही पोर कनाला वरडते रं? माझ्या ताटातली आमटी हलते."

"ती ओरडत नाही, गाते," सुधीरराव म्हणाले.

"मंग मी काय ऐकतो?"

बरीच रस्सीखेच होऊन ठरलं, रोज एक तास. पाच ते सहा. मी सेक्रेटरी, नोटीस लिहिणं माझ्याकडे. आणि हातात पेन आला की माझ्या अंगात येतं. मी लिहिलं:

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सदनिका क्र. ३०२ मधील कु. उर्वी सुधीर आठल्ये यांस रोज सायंकाळी ५ ते ६ या वेळेत ओरडण्यास परवानगी देण्यात येत आहे. सदर वेळेत कोणीही घाबरू नये, बेल वाजवू नये, पोलिसांना कळवू नये.'

लॅमिनेट करून लिफ्टशेजारी लावली. महिनाभर लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. उर्वी म्हणाली, "काका, 'ओरडण्यास' काय? 'गाण्यास' लिहा ना."

"अगं, सभेत जे बोललं गेलं तेच लिहावं लागतं. भोईर 'वरडते' म्हणाले, मी निदान शुद्ध केलं."

ती हसली. सुधीरराव नाही हसले. संध्याकाळी मी बघितलं, ते लिफ्टपाशी पेन घेऊन उभे होते. 'ओरडण्यास' खोडायचा प्रयत्न चाललेला. प्लॅस्टिकवर शाई उमटेना. दोनदा पेन झटकला, मग खिशात घालून वर गेले.

तर अशी दोन वर्षं गेली. माझी एमआयडीसीतली पहिली पाळी संपवून मी साडेतीनला घरी येतो. पाचला चहा. चहाबरोबर पलीकडे गुरगुर सुरू. आम्हाला सवय झाली. नवीन बाळांना सवय झाली. कलावती आजींनी देव्हाऱ्यातला दिवा पाचलाच लावायला सुरुवात केली.

आणि एक दिवस स्वीडनहून मेल आली. उर्वीने ते नळाचं गाणं इंटरनेटवर टाकलेलं, ते फिरत फिरत मालीनबाईंच्या कानावर गेलं. बाईंनी स्वतः लिहिलं, माझ्या नवीन रेकॉर्डमध्ये एक गाणं तुझं हवं. शब्द तुझे, भाषा तुझी, आणि तो आवाज. घरूनच रेकॉर्ड करून मार्चअखेर पाठव. जमलं तर जूनमध्ये इकडे ये, स्टेजवर माझ्याबरोबर गा.

त्या दिवशी आठल्यांच्या घरात मी पहिल्यांदा शुभदाताईंना पोरीचा पापा घेताना बघितलं. सुधीररावांनी कल्याणला जाऊन हिच्यासाठी गरम बनियन आणले. मी म्हटलं, "जूनमध्ये?" ते म्हणाले, "पोपटराव, तिथला जून म्हणजे आपला जानेवारी." त्यांनी ते चौकशी करून काढलेलं. उर्वीने मात्र सगळं त्या एका गाण्यावर लावलं. अठ्ठावीस वर्षांची झालेली. बँड गेला, पोरं गेली, स्थळं येऊन आवाज ऐकून गेली. हे जमलं तर ती गायिका, नाही तर ती ३०२ मधली ओरडणारी. हे वाक्य तिचंच आहे, माझं नाही.

गुरुवार होता. मार्चमधला तिसरा. शुभदाताई बहिणीकडे कल्याणला गेलेल्या. पाच वाजता उर्वीने नेहमीप्रमाणे दाराला आतून गादी लावली, आवाज जाऊ नये म्हणून. कडी घातली. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू केलं. सुधीरराव कागद घेऊन खुर्चीत.

पाच वीसला सुधीररावांच्या हातातला कागद पडला. मग ते पडले.

पुढचं मी नंतर जोडलेलं आहे, थोडं तिच्याकडून, थोडं इतरांकडून. तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला आणि फोन स्पीकरवर जमिनीवर ठेवला. फोनवरच्या बाई सांगत होत्या, छाती दाबा, जोरात दाबा, थांबू नका, कोणाला तरी बोलवा. ही दाबत होती. दार सहा पावलांवर. उठून गादी ओढायची, कडी काढायची, तेवढा वेळ हात थांबणार. बाई तर म्हणत होत्या थांबू नका. म्हणून ती जागेवरूनच ओरडली. सबंध डोंबिवलीत सगळ्यात मोठा आवाज हिचा, तिला वाटलं, पुरेल.

पुरला. सगळ्यांनी ऐकला.

भोईरांनी टीव्हीचा आवाज वाढवला. पहिल्या मजल्यावर डॉक्टर अंतरा राहतात, सहाला दवाखान्यात जातात. त्या इस्त्री करत होत्या, त्यांनीही ऐकला. कलावती आजींनी दिवा लावलेला होता. मी गॅलरीत चहा पीत होतो. खाली भोईर त्यांच्या गॅलरीत आले, त्यांना मी वरून म्हटलं, "आज पोरगी फॉर्मात आहे!"

"स्वीडनपातूर जाईल," भोईर म्हणाले.

मालन ओट्याशी होती. ती बाहेर आली आणि भिंतीला कान लावून उभी राहिली. "अहो, आज शब्द कळतायत."

"काय म्हणतेय?"

"'या' म्हणतेय. 'कोणीतरी या.' 'बाबा' म्हणतेय."

"नवीन गाणं असेल. ते पाठवायचं आहे ना."

ती तिथेच उभी. "जाऊन बघू का?"

"बेल वाजवायची नाही," मी म्हटलं. "मीच लिहिलंय."

आणि मी हसलो. चहा संपवला. बिस्किटाचा तुकडा कपात पडलेला, तो चमच्याने काढून खाल्ला. एवढं सगळं आठवतं.

ॲम्ब्युलन्सला यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. पावणेसहाला भोंगा गेटात आला तेव्हा मी गॅलरीतून वाकून वॉचमनला विचारलं, कोणाकडे रे? तो म्हणाला, तुमच्याच मजल्यावर.

दार फोडावं लागलं. उर्वी तेव्हाही दाबत होती. माणसांनी तिला बाजूला केलं, तरी हात तसेच हवेत वरखाली होत होते. डॉक्टर अंतरा मागून धावत आल्या, गुडघ्यावर बसल्या, आणि थोड्या वेळाने उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी त्यांना नंतर जिन्यात गाठलं. विचारायला नको होतं, पण मी पोपट. "पाच वीसला कळलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही काका. कदाचित वाचले असते. कदाचित नसते." आणि मग, "मी ऐकलं. मी कॉलर इस्त्री करत होते."

नोटीस भोईरांनी त्याच संध्याकाळी ओरबाडून काढली. पाटीच्या चार कोपऱ्यांना डिंक होता, त्याबरोबर भिंतीचा रंगही निघाला.

तेरावा झाल्यावर शुभदाताईंनी मला बोलावलं. उर्वी आतल्या खोलीत झोपलेली. टेबलावर लॅपटॉप उघडा, शेजारी हेडफोन. रेकॉर्डिंग चालूच राहिलेलं होतं, पाचपासून रात्री कोणीतरी झाकण लावेपर्यंत. ताईंनी ते सगळं ऐकलेलं.

"पोपटराव," त्या म्हणाल्या, "प्रत्येक शब्द स्पष्ट आहे."

मी खाली बघत होतो.

"खिडकीतून तुम्हीही ऐकू येता." एवढंच. मग त्यांनी मला चहा विचारला. मी नको म्हटलं. त्यांनी तरी केला, आणि मी प्यायलो.

मालीनबाईंना कळवलं गेलं. त्यांनी लिहिलं, मार्च सोड, रेकॉर्ड थांबवलंय, तुला जमेल तेव्हा. त्यांना वाटलं असेल की महिना जाईल, दोन जातील. मे आला, जून आला. उर्वी नोकरीचं काम करायची, जेवायची, आईला औषधं आणून द्यायची. आवाजाला काही झालं नव्हतं. घशाच्या डॉक्टरने आत नळी घालून बघितलं, सगळं ठीक म्हणाला. शुभदाताई तिला एक दिवस म्हणाल्या, मी स्वतः ऐकलं भिंतीतून: "गा ग. तुझ्या बाबांनी बनियन आणलेत."

दुसऱ्या दिवशी पाचला ती गायला उभी राहिली. गादी लावली नाही, दार उघडं ठेवलं. पहिली ओळ. आवाज निघाला, तोच, पोटातून. आणि काय झालं सांगू? मी धावलो. मालन धावली, हातात झारा. भोईर जिना चढून आले, बनियनवर, धापा टाकत. डॉक्टर अंतरा पिशवी घेऊन. कलावती आजी रेलिंग धरून पोचल्या. दौलत आणि त्याची बायको. पावणेदोन मिनिटांत अकरा माणसं दारात.

उर्वी आमच्याकडे बघत राहिली.

"काय झालं, पोरी?" भोईरांनी विचारलं.

"काही नाही काका. गात होते."

"हां हां. गा, गा," म्हणत आम्ही मागे सरकलो. पण कोणी जाईना. जिन्यात थांबलो. तिने दुसरी ओळ घेतली, आणि आजी रडायला लागल्या.

तीनदा असं झालं. मी सगळ्यांना बजावून सांगितलं की बाबांनो, ती गाणारच आहे, घरात बसा. भोईर म्हणाले, "तू बसशील?" मी बसलो नाही. एकदा मोरीत होतो, अंगाला साबण, तसाच टॉवेल गुंडाळून गेलो. दोन वर्षं जिच्या आवाजाला कोणी उठलं नाही, तिने नुसतं खाकरलं तरी आता बेल वाजायची. चौथ्या दिवशी तिने दार लावून घेतलं आणि गिटार पलंगाखाली सारली.

शुभदाताई मला म्हणाल्या, "हिला कुठेतरी न्या. जिथे माणसं नाहीत."

माझी जुनी मारुती आहे. एका बुधवारी रजा टाकून मी तिला खडवलीला घेऊन गेलो. रविवारी तिथे नदीवर सहलवाल्यांची गर्दी, मधल्या वारी चिटपाखरू नसतं. मी गाडीपाशी थांबलो. ती खाली पाण्याच्या कडेला गेली, पाठ माझ्याकडे. पाय रोवले, खांदे सोडले. आवाज सुटला तेव्हा समोरच्या झाडीतून बगळे उठले. अस्सं सुरेख! मला गाण्यातलं काही कळत नाही, पण ते चांगलं होतं एवढं कळलं. आणि ओळीच्या मध्यात ती थांबली. वळून रस्त्याकडे बघितलं. परत सुरू केलं, परत थांबली, परत मागे बघितलं. चार वेळा. मग वर आली आणि गाडीत बसली.

मला वाटलं माझ्याकडे बघतेय. "अगं, मी नाही येणार धावत. वचन देतो. कान बंद करतो हवं तर."

"तुमच्यामुळे नाही काका." तिने चष्मा पुसला. "ओरडले की मी थांबते. कोणी येतंय का, ऐकते. गाण्यात असं थांबता येत नाही."

येताना टिटवाळ्याला मी गाडी थांबवून भजी घेतली. तिने दोन खाल्ली. 

जुलैत तिने मालीनबाईंना लिहिलं, माझा आवाज धरू नका. शब्द हवे असतील तर देते. नळाचं गाणं नाही, दुसरं. नवीन लिहिलंय. बाईंनी फोनवर बराच वेळ घातला असं शुभदाताई सांगतात, पण उर्वी हटली नाही. शेवटी ठरलं की गाणं उर्वीचं, मराठीतच, गाणार मालीन. आणि उच्चार उर्वीने शिकवायचे.

आता दर शनिवारी दुपारी साडेचारला लॅपटॉपवर ती बाई येते. मी बघितलीय. पन्नाशीची, केस पांढरे, दंडावर गोंदलेलं, मागे भिंतीला तीन गिटारी. शुभदाताई पोरीच्या शेजारी बसतात, आणि गेल्या शनिवारी मलाही बोलावलं, कारण मालन गावाला गेलेली आणि मी एकटा घरात काय करतोय याची त्यांना काळजी. मी सुधीररावांच्या खुर्चीत नाही बसलो. वेताच्या मोड्यावर बसलो.

गाण्यात 'जवळ' हा शब्द आहे. बाईंना ळ येत नाही. "जवल," त्या म्हणायच्या.

"ळ," उर्वी साध्या, बोलायच्या आवाजात, बाकीचं इंग्रजीत. "जीभ मागे वळवा. टाळूला लावा. ळ."

"जवर."

"नाही. परत."

शुभदाताईंनी पुढे वाकून स्वतः म्हणून दाखवलं, फळ्यापुढे उभ्या असल्यासारखं. बाई हसल्या, उर्वीही थोडी हसली. दहा-बारा वेळा झालं. मग बाई गिटार बाजूला ठेवून इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. मला तुटक कळलं, शुभदाताईंनी हळू आवाजात सांगितलं, "म्हणतायत, बोलताना ऐकला तरी गाताना कळत नाही. एकदा त्या आवाजात म्हणून दाखव. एकच शब्द."

 उर्वी सरळ झाली, हात मांडीवरून काढले, आणि मी ते ओळखतो, श्वास खाली पोटात नेला. शुभदाताईंनी पदर मुठीत धरला. मी मोड्यावर पुढे सरकलो. उर्वीचं तोंड उघडलं. आणि तिने मान वळवून दाराकडे बघितलं.

आम्ही दोघांनीही बघितलं. दारात कोणी नव्हतं.

तिने श्वास सोडून दिला आणि स्क्रीनकडे वळली.

"तुम्हीच म्हणा," ती म्हणाली. "मी ऐकते."